सज्ज्यांतील शिकार

अलीकडे आपल्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एका नव्या छंदानें चांगलेंच मूळ धरलें आहे. इमारतीचा तिसरा किंवा सातवा मजला असावा. बसण्याच्या खोलीला लागून चार हात लांबीचा सज्जा, ज्याला बोलतांना आपण गॅलरी म्हणतों, तो असावा. त्यांत पांचसात कुंड्या, कठड्याला टांगलेलें दाण्यांचें तबक, आणि आंत पडद्याआड लांब पल्ल्याची लेन्स रोखून बसलेला एक गृहस्थ. सकाळचे सात वाजलेले असतात. बशींतला चहा निवत असतो. इतक्यांत एक बुलबुल तबकाच्या कडेवर उतरतो, कॅमेरा एका सेकंदांत दहावीस चित्रें टिपून घेतो, आणि गृहस्थ कचेरीस निघण्यापूर्वीं त्यांतलें एक चित्र मोबाईलवरून दोनतीनशें परिचितांकडे रवाना होतें. "आमच्या घरचा एवढुसा पाहुणा" असें त्याखालीं लिहिलेलें असतें. दुपारपर्यंत स्तुतीचा पाऊस पडतो, गृहस्थ कृतार्थ होतो, आणि घरांतील मंडळींस आपल्या कुटुंबांत एक निसर्गप्रेमी निपजल्याचें समाधान वाटतें. त्या बुलबुलाचें पुढें काय झालें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

हा लेख त्या गृहस्थाच्या विरुद्ध आहे. आणि आरंभींच सांगून टाकलेलें बरें कीं, गेलीं नऊ वर्षें तो गृहस्थ मीच आहें. पुण्यास कोथरुडांत तिसऱ्या मजल्यावर माझा सज्जा आहे. समोर एक जुना उंबर आहे, आणि त्यापलीकडे पावसाळ्यापुरता वाहणारा एक ओढा. तेव्हां पुढें जे दोष सांगावयाचे आहेत ते रस्त्यावरून डोकावणाऱ्या तिऱ्हाइतानें मोजलेले नाहींत. ज्यानें ते केले त्यानेंच मोजलेले आहेत. माझें म्हणणें थोडक्यांत असें. सज्ज्यांतून पक्ष्यांचीं छायाचित्रें घेणें हा आपण निसर्गप्रेमाचा प्रकार समजतों. बहुतेक वेळां तो शिकारीचा प्रकार असतो. त्यांतून शिकारीचा अंश काढून टाकतां येतो, आणि तो काढला तर शहरांत राहणाऱ्या माणसाला याहून उपकारक छंद सांपडणें कठीण आहे. परंतु तो अंश आपोआप निघत नाहीं. तो निघाला कीं नाहीं हें पाहण्याची कसोटी एकच: आपण कॅमेरा घेऊन तेथें बसलों नसतों तर त्या घटकेस त्या पक्ष्यानें जें केलें असतें, तेंच त्यानें आपण बसलों असतांही केलें काय? केलें असेल तर आपण पाहणारे. नसेल तर आपण पारधी. हातांत बंदूक नाहीं एवढ्याच कारणानें पारध्याचा ऋषि होत नसतो.

शिकारी हा शब्द कोणास कठोर वाटेल. पण या दोन व्यवसायांचें नातें मीं जोडलेलें नाहीं. इंग्रजी भाषेनें बंदूक झाडणें आणि चित्र घेणें या दोन्ही क्रियांना एकच क्रियापद देऊन तें कधींच मान्य केलें आहे. आपल्या देशांतील पक्षिशास्त्राचे आचार्य सालिम अली यांच्या आयुष्याला वळण मिळालें तेंही लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळें. आणि १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचें नांवच त्यांनीं त्या चिमणीच्या पतनावरून ठेविलें. त्या काळीं पक्षी ओळखावयाचा तर तो हातांत घ्यावा लागे, आणि हातांत घ्यावयाचा तर आधीं मारावा लागे. कॅमेऱ्यानें ही अडचण दूर केली, हें त्याचें मोठेंच पुण्य. परंतु बंदूक जाऊन कॅमेरा आला म्हणून तिच्याबरोबर लोभही गेला, असें समजण्यास कांहीं आधार नाहीं.

जुन्या छायाचित्रकारांची गोष्ट घ्या. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनीं १८९२ सालीं घरट्यांतील अंड्यांचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं घरट्यांवरील त्यांचें सचित्र पुस्तक प्रसिद्ध झालें. हे बंधु पक्ष्यांना नकळत त्यांच्या जवळ जातां यावें म्हणून बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा करून त्याच्या पोटांत तासन्‌तास उभे राहत. त्यांच्या हातून घरट्यांना उपद्रव झालाच नसेल असें मी म्हणत नाहीं. घरट्यापाशीं जाणाऱ्याविषयीं पक्ष्याचें मत काय असतें, तें एरिक हॉस्किंग या त्यांच्या मागून आलेल्या छायाचित्रकाराला १९३७ सालीं एका घुबडानें त्याचा डावा डोळा घेऊन कळविलेंच आहे. परंतु कीर्टन बंधूंच्या श्रमाची दिशा पाहावी. ते सारे श्रम स्वतःला नाहींसें करण्याचे होते. आमच्या सज्ज्यांतील खटाटोप याच्या नेमका उलट आहे. आपण जागचे हालत नाहीं. पक्ष्यालाच आपल्या सोयीच्या जागीं, आपल्या सोयीच्या वेळीं आणि आपल्या सोयीच्या प्रकाशांत आणून बसवूं पाहतों. त्यासाठीं जीं साधनें वापरलीं जातात त्यांचा आतां एकेक करून विचार करूं.

पहिलें साधन दाणा. दाण्याविरुद्ध बोलतांच आपल्या संस्कृतीचा दाखला पुढें येतो. जेवणापूर्वीं काकबलि ठेवणारे आपले पूर्वज होते, मुंग्यांना साखर घालणारे होते, पाखरांसाठीं परसांत पाणी ठेवणारे होते. मग आम्हीं मूठभर तांदूळ ठेवले तर काय बिघडलें, असें विचारतात. बिघडलें तें हेतूंत. काकबलि ठेवणारा मनुष्य भात ठेवून पाठ फिरवीत असे. कावळा आला काय आणि न आला काय, श्राद्धाचा दिवस सोडला तर त्याचें आपलें जेवण थांबत नसे. आमचें तबक मात्र लेन्सपासून किती अंतरावर असावें हें आधीं मोजलेलें असतें. त्यामागें चित्रांत विजेची तार येऊं नये म्हणून तें दोनदां हालविलेलें असतें. वर एक सुबक वाळकी फांदी बांधलेली असते, कारण कठड्याच्या लोखंडी नळीवर बसलेला पक्षी "नैसर्गिक" दिसत नाहीं. याला दान म्हणत नाहींत. याला आमिष म्हणतात. आणि अतिथि हा शब्द तर येथें अगदींच शोभत नाहीं. एक तर समोरचा उंबर इमारतीहून जुना असल्यामुळें पाहुणा कोण आणि यजमान कोण हा प्रश्न आपल्याला अडचणीचा आहे. आणि दुसरें असें कीं, घरीं आलेला अतिथि घास तोंडांत घालीत असतां त्याचीं वीस चित्रें काढून गांवभर वाटणारा यजमान आपल्या स्मृतिग्रंथांत तरी कोठें वर्णिलेला नाहीं.

बरें, दाण्यावर येतें कोण? ज्यांच्यासाठीं तबक मांडिलें ते शिंपी, दयाळ, शिंजीर तांदळाला तोंड लावीत नाहींत. त्यांचें पोट किड्यांवर, आणि शिंजिराचें त्याशिवाय फुलांतील मधावर. चिमणी दाणे खाते हें खरें, पण तिच्या पिलांनाही प्रथम किडे आणि अळ्याच लागतात. तांदळावर येतात तीं कबुतरें. देशांतील ९४२ जातींच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या २०२३ सालच्या अहवालांत ज्या थोड्या जातींची भरभराट दिसली त्यांत हें कबुतर आहे, आणि त्याच्या भरभराटींत आपल्या तबकांचा वांटा किती, तें कोणत्याही वसाहतींत मान वर करून पाहणाऱ्याला कळतें. जुलै २०२५ मध्यें मुंबईंतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचें राज्य सरकारनें विधान परिषदेंत जाहीर केलें, ऑगस्टमध्यें दादरच्या जुन्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, आणि केवढें वादळ उठलें हें सर्वांस ठाऊक आहे. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनें फुप्फुसांचा विकार होतो असें वैद्य सांगत होते. भूतदयेचा कैवार घेणारे रस्त्यावर आले होते. त्या वादाचा निकाल मी येथें करीत नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, आपल्याकडील छायाचित्रकार गृहस्थ वर्षभर दाणा घालतो आणि पुढल्या वर्षीं कबुतरांनीं घाण केली म्हणून सज्ज्याला नायलॉनची जाळी ठोकवून घेतो. त्या जाळींत एखादे दिवशीं भलताच पक्षी पाय अडकून फडफडतो. दाणा घालणारा आणि जाळें पसरणारा एकच, ही हितोपदेशांतील गोष्ट लहानपणीं वाचूनही आपण तिच्यांतील पात्र ओळखूं नये, याचें नवल वाटतें.

दुसरें साधन साखरेच्या पाण्याची लाल बाटली. ही कल्पना अमेरिकेंतून आली. तेथें हमिंगबर्ड नांवाचे चिमुकले पक्षी अशा बाटल्यांवर येतात. ते पक्षी अमेरिका खंडांबाहेर राहत नाहींत. पण बाटलीला समुद्र ओलांडण्याची मनाई नसल्यामुळें ती आली, आणि आपल्या शिंजिरापुढें टांगली गेली. एप्रिलच्या उन्हांत तें पाणी आंबतें, तिच्या तोंडाशीं बुरशी धरते, आणि बाटली रोज उकळत्या पाण्यानें धुणारा भक्त अजून माझ्या पाहण्यांत नाहीं. त्याच सज्ज्यांत जास्वंदीची एक कुंडी ठेवली तर शिंजिराला मधही मिळतो आणि फुलांवरचे किडेही मिळतात. पण जास्वंद तिच्या वेळेस फुलते, आपल्या रविवारीं नव्हे. तेवढा धीर आपणांस नाहीं.

तिसरें साधन सर्वांत निंद्य. मोबाईलमध्यें पक्ष्यांचे आवाज साठविलेले मिळतात. फेब्रुवारीमार्चच्या दिवसांत दयाळाचा नर आपली हद्द राखीत एका शेंड्यावर गात असतो. खालून गृहस्थ मोबाईल उघडून दुसऱ्या दयाळाचें गाणें लावितो. नराला वाटतें, आपल्या हद्दींत प्रतिस्पर्धी शिरला. तो गाणें टाकून खालीं येतो, शेपटी उभारतो, या फांदीवरून त्या फांदीवर शत्रूला शोधीत फिरतो. शत्रु नसल्यामुळें तो सांपडत नाहीं, आणि सांपडत नाहीं म्हणून शोध थांबत नाहीं. चित्र मात्र उत्तम मिळतें: शेपटी उभारलेली, चोंच उघडलेली, डोळ्यांत तेज. बघणारे म्हणतात, "काय त्याचा आनंद!" तो आनंद नसतो, ती घरावर आलेल्या संकटाची धास्ती असते. ज्या वेळीं त्यानें मादीजवळ असावें, किडे टिपावे, घरट्यावर नजर ठेवावी, त्या वेळीं तो आपल्या यंत्रांतील भुताशीं लढत असतो. माणसाच्या दारांत रोज सकाळीं कोणी खोटी आरोळी ठोकली तर आपण पोलिसांत जाऊं. दयाळानें कोठें जावें?

आतां घरट्याकडे येतों. आणि येथें मला स्वतःविषयीं लिहिणें प्राप्त आहे. सहा वर्षांपूर्वीं मार्च महिन्यांत माझ्या सज्ज्यांतील मधुमालतीच्या वेलावर जांभळ्या शिंजिराच्या मादीनें घरटें बांधलें. वाळकें गवत, झाडाच्या सालीचे तुकडे, कोळिष्टकांचे धागे यांची ती लांबट थैली, तिला बाजूनें दार आणि दारावर छोटीशी पडवी. बाहेरून पाहणाऱ्याला वेलींत केर अडकला आहे असें वाटावें; आणि तेंच त्या घरट्याचें संरक्षण असतें. मादीनें दोन अंडीं घातलीं, सुमारें पंधरवडा उबविलीं, आणि मग नर व मादी दोघेंही चोंचींत किडे घेऊन येऊं लागलीं. मीं कांचेआडून चित्रें घेतलीं, पण वेलीची एक डहाळी नेमकी घरट्याच्या दारापुढें झुकलेली होती. कॅमेरा पानें स्पष्ट दाखवी आणि पिलांच्या चोंची धूसर. चवथ्या दिवशीं मादी गेलेली पाहून मी सज्ज्यांत गेलों आणि ती डहाळी दोऱ्यानें बाजूस बांधली. तोडली नाहीं, आपण किती जपून वागलों असें तेव्हां मला वाटलें, हेंही येथें नमूद करितों. दुपारीं पाहिजे होतें तें चित्र मिळालें. संध्याकाळीं दोरा सोडावा असें मनांत आलें होतें. पण उद्यां सकाळचें ऊन त्या दारावर सरळ पडेल, आणखी एक चित्र मिळेल, म्हणून तो तसाच ठेविला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी कॅमेरा घेऊन बसण्यापूर्वींच कावळ्यानें ती थैली फाडली होती. मादी किडा चोंचींत धरून बराच वेळ त्या वेलीवर येत जात राहिली.

कावळ्याला मी दोष देत नाहीं. उंबरावर त्याचेंही घरटें होतें आणि त्यांतही पिलें होतीं. डहाळी जागेवर असती तर तें घरटें वांचलेंच असतें असेंही मला शपथेवर सांगतां येणार नाहीं. पण तें झांकण मीं काढलें, आणि तें मीं दुसऱ्या चित्राच्या लोभानें काढलेलें ठेविलें, एवढें मला पक्कें ठाऊक आहे. त्या चित्राची फार वाहवा झाली. आमच्या वसाहतीच्या पुढील वर्षाच्या दिनदर्शिकेंत मार्चच्या पानावर तें छापलें गेलें, आणि "मातृप्रेम" असें त्याचें नांव ठेवण्यांत आलें. मीं कोणाला कांहीं सांगितलें नाहीं. असें चित्र माझ्या एकट्याच्याच घरीं असेल असें मला वाटत नाहीं. घरट्यांतील पिलांचीं जीं सुरेख चित्रें आपण रोज पाहतों, त्यांतील किती दारांसमोरचीं पानें आपोआप बाजूला झालेलीं असतील, याचा विचार वाचकांनीं करावा.

या प्रकाराला शिकार हें नांव मीं रागाच्या भरांत दिलेलें नाहीं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांत शिकार या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तींत जनावर मारणें आणि पकडणें येतेंच. परंतु वन्य पक्ष्यांच्या बाबतींत त्यांच्या अंड्यांस किंवा घरट्यांस उपद्रव देणें यालाही तींत शिकारच म्हटलें आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें त्या दिवशीं तो दोरा बांधणारा मनुष्य काय करीत होता, याविषयीं संशयाला जागा नाहीं.

येथें एक विचारी प्रतिपक्षी पुढें येतो, आणि त्याचें म्हणणें सहज उडवून लावण्यासारखें नाहीं. तो म्हणतो, "दोष असतील, पण या चित्रांमुळेंच शहरांतील माणसांना पक्षी दिसूं लागले, आणि सामान्य माणसांनीं जमविलेल्या माहितीवरच शास्त्र आज चाललें आहे." हें खरें आहे. वर ज्या २०२३ च्या अहवालाचा उल्लेख केला तो ३०,००० हून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींची दीर्घ काळांतील चाल त्यांत ठरवितां आली, त्यांपैकीं ६० टक्के जाती उतरणीस लागल्याचें आपणांस कळलें, तें या हौशी लोकांमुळेंच. पण शास्त्रानें त्यांच्याकडून काय घेतलें हें नीट पाहावें. त्यानें तारीख घेतली, ठिकाण घेतलें, किती वेळ पाहिलें तें घेतलें, आणि दिसलेले सर्व पक्षी घेतले. केवळ सुंदर तेवढे नव्हे. दर फेब्रुवारींत चार दिवस आपल्या आसपासचे पक्षी मोजण्याचा जो उपक्रम १९९८ सालीं अमेरिकेंत सुरू झाला आणि २०१३ पासून आपल्याकडेही चालतो, त्यांत किमान १५ मिनिटें एका जागीं राहून कावळा, चिमणी, कबुतर सर्व मोजावे लागतात. आमच्या चित्रसंग्रहांत कावळा कोठें आहे? ज्या दिवशीं कोणीच आलें नाहीं त्या दिवसाची नोंद कोठें आहे? शंभरांतलीं नव्याण्णव चित्रें पुसून एक ठेवावयाचें, त्यावरील तारीख घालवावयाची, रंग गडद करावयाचे, आणि मग शास्त्राच्या नांवानें आशीर्वाद मागावयाचा, हा न्याय कोणता?

उलट खऱ्या, कंटाळवाण्या नोंदींची किंमत पाहा. विणीच्या हंगामांत शिंजिराचा नर झळझळीत जांभळा असतो. हंगाम सरला कीं तो पालटतो, पोटाखालीं पिवळट होतो, आणि गळ्यावरून छातीकडे एक काळी पट्टी तेवढी उरते. या रूपांतील नराला पुष्कळ लोक निराळाच पक्षी समजतात. एकाच सज्ज्यांतून वर्षभर महिन्यामहिन्यानें घेतलेलीं साधीं, धूसर चित्रें ओळीनें मांडलीं तर हा पालट शाळेंतल्या मुलालाही डोळ्यांनीं दिसतो. सर्वांत सुंदर तेवढें एक चित्र ठेवणाऱ्याला तो जन्मभर दिसत नाहीं. आपल्या वाङ्मयांतही या न पाहण्याचा पुरावा आहे. आपल्या गीतांत पिढ्यान्‌पिढ्या कोकिळा गात आली. गातो तो नर, काळा कुळकुळीत कोकीळ. ठिपक्याठिपक्यांची मादी तें गाणें गात नाहीं. समोरच्या उंबरावर हें दोन सकाळींत कळण्यासारखें आहे. नांवांचीही तीच गोष्ट. मारुती चितमपल्ली यांनीं रानावनांतून फिरून आपल्या भाषेंतील पक्ष्यांचीं नांवें पक्षिकोशांत गोळा करून ठेविलीं. २०२५ सालीं ते निवर्तले तेव्हां आपण हळहळ व्यक्त केली. आणि चित्राखालीं अजून "एवढुसा पाहुणा" लिहितों. ज्याचें नांव विचारण्याचीही गरज वाटली नाहीं, त्याच्यावर आपलें प्रेम आहे असें कसें म्हणावें?

दुसरा प्रतिपक्षी निराळ्या बाजूनें येतो. तो म्हणतो, "टेकड्या पोखरल्या जात आहेत, नदीकांठचीं झाडें पडत आहेत, आणि तुम्ही गॅलरींतल्या गरीब हौशी माणसाच्या मागें काय लागलां?" टेकड्यांचें दुःख मलाही आहे. पण टेकडीवर हात टाकणारा मनुष्य आणि डहाळीला दोरा बांधणारा मनुष्य यांची विचारसरणी एकच आहे, हें मला त्या मार्चांत कळलें. "थोडेंसेंच बाजूला करतों, फार नुकसान नाहीं, आणि वस्तु सुंदर होते," असें दोघेही म्हणतात. चार हातांच्या सज्ज्यांत, कोणी पाहत नसतां, स्वतःच्या एका चित्राचा मोह ज्याला आवरत नाहीं, त्यानें टेकडी वांचविण्याच्या सभेंत टाळ्या वाजविल्या तरी त्यांचें मोल किती? आणि शहरांतील बहुसंख्य माणसांचा रानाशीं जो कांहीं संबंध उरला आहे तो या सज्ज्यांतच उरला आहे. तेथें तो खोटा झाला तर खरा करण्यास दुसरी जागा नाहीं.

मग करावें काय? कॅमेरा विकून टाका असें मी सांगत नाहीं; मीं विकलेला नाहीं. दाण्याचें तबक आणि साखरेची बाटली काढावी, आणि त्या जागीं जास्वंद, कर्दळ, तुळस असें कांहीं लावावें. किडे दिसले म्हणून लगेच औषध फवारूं नये, कारण ते किडे म्हणजेच शिंप्याचा आणि शिंजिराचा शिधा होय. पाणी ठेवावें तें मातीच्या उथळ पसरटांत, आणि रोज बदलावें. मोबाईलमधील आवाज आपण पक्षी ओळखण्यासाठीं घरांत ऐकावे, पक्ष्याला ऐकवूं नयेत. मोठ्या कांचेंत झाडाचें प्रतिबिंब पडत असेल तर पडदा लावावा, म्हणजे पक्षी झाड समजून तिच्यावर आदळणार नाहीं. चित्र आंतून घ्यावें, जें दिसेल तें घ्यावें, आणि पान आड आलें तर चित्रांत पान येऊं द्यावें. घरट्याचें चित्र घेऊंच नये. तेथें आपण सज्ज्यांत जाणेंही कमी करावें आणि कपडे आठ पंधरा दिवस दुसरीकडे वाळवावे. आणि प्रत्येक चित्रामागें एका साध्या वहींत तारीख, वेळ, पक्ष्याचें नांव आणि तो काय करीत होता, एवढ्या चार गोष्टी लिहाव्या. ज्या दिवशीं कांहींच दिसलें नाहीं, त्या दिवशीं तसें लिहावें.

या नियमांनीं चित्रें कमी मिळतात आणि वाईट मिळतात, हें मी अनुभवानें कबूल करितों. बुलबुलाची पाठ मिळते, शिंजिराची अर्धी चोंच मिळते, खंड्या विजेच्या तारेवर बसलेला मिळतो. स्तुतीचा पाऊस बंद होतो. दोन वर्षांपूर्वीं त्याच मधुमालतीवर पुन्हां घरटें झालें. माझ्या वहींत मादीनें पहिला धागा आणला ती तारीख आहे, पिलांना पहिला किडा मिळाला ती तारीख आहे, आणि दोन्ही पिलें उडून गेलीं ती सकाळ आहे. पहिल्या घरट्याच्या वेळीं दोन हजार चित्रें घेऊनही यांपैकीं एकही गोष्ट मला सांगतां आली नसती, कारण त्या वेळीं मी लेन्सच्या चौकटीकडे पाहत होतों.

हें मत कोणास अतिरेकी वाटेल. त्याला माझें एवढेंच सांगणें आहे कीं, त्यानें एक वर्ष, पुढल्या चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, आपल्या सज्ज्यांत पक्ष्याला कशासाठींही बोलावूं नये; जो आपण होऊन येईल त्याला पाहावें आणि लिहून ठेवावें. वर्ष संपल्यावर ती वही आणि मागील वर्षांचा चित्रसंग्रह शेजारीं ठेवून, पक्ष्यांविषयीं आपणांस कशामुळें अधिक कळलें, तें स्वतःशींच प्रामाणिकपणें ठरवावें. मग मजशीं वाद करण्यास अवश्य यावें. सज्जा तोच आहे, आणि उंबर अजून उभा आहे.